गच्चीवर टब? जरा दमानं!

दिवसभर खुर्चीत बसून पाठीचा भुगा, वर ठाणे-भिवंडी रोडचं ट्रॅफिक. अशा वेळी घरच्या गच्चीवर गरम पाण्याचा टब तयार असेल तर? फुल टू रिलॅक्स! हवा भरून फुगवायचे टब हल्ली ऑनलाइन मिळतात, रो-हाउसवाल्यांना अंगणात छोटासा पूल खुणावतो. पण ऑर्डर देण्याआधी थोडं गणित आणि थोडे नियम बघूनच घ्या. भिवंडीत तर नक्कीच.

वजनाचा फंडा

एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. चारजणांच्या टबमध्ये साधारण एवढं पाणी मावतं. त्यात चार मित्र बसले की झाले तेराशे किलो, तेही जेमतेम अडीच चौरस मीटर जागेवर. म्हणजे दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर! आपल्याकडे घराचा स्लॅब माणसं आणि सामान धरून चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भाराच्या हिशेबाने डिझाइन करतात, वापरातल्या गच्चीचा तर दीडशेच. चार फूट खोल पूल असेल, तर नुसत्या पाण्याचाच भार बाराशे किलो.

हे फक्त कागदावरचं गणित नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या कुटुंबांसह कोसळली आणि ३८ हून जास्त जीव गेले. एप्रिल २०२३ मध्ये वळपाड्यात खाली गोदाम असलेली इमारत पडली, तेव्हा आठजण दगावले. या दुर्घटनांचा टबशी संबंध नाही, पण जुन्या इमारतीचा अंत पाहू नये, हे भिवंडीकरांना वेगळं सांगायला नको. महापालिका कायद्याप्रमाणे वापरात येऊन ३० वर्षं झालेल्या इमारतीची स्ट्रक्चरल तपासणी करून घेणं बंधनकारक आहे. तुमच्या बिल्डिंगची झाली आहे का? आधी तेवढं विचारा.

परवानगी कुणाची?

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये घरच्या पूललाही १.२ मीटर उंच कुंपण सक्तीचं आहे. फ्रान्सने २००३ मध्ये खासगी पूलसाठी सुरक्षेचा कायदा केला. आपल्याकडे घरगुती पूलसाठी असा वेगळा कायदा नाही, पण म्हणून रान मोकळं असंही नाही. पूल बांधणं हे १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार 'विकास' ठरतं आणि त्याला परवानगी लागते. शहराच्या हद्दीत ती भिवंडी-निजामपूर महापालिकेकडे मागायची. काल्हेर, कशेळीसारख्या गावांसाठी २००७ पासून एमएमआरडीए हे नियोजन प्राधिकरण आहे. राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. तिच्या हिशेबात तुमचा नकाशा कसा बसवायचा, ते आर्किटेक्टवर सोडा.

फ्लॅटवाल्यांनो, टॉप फ्लोअर घेतला म्हणजे वरची गच्ची तुमची होत नाही. ती सोसायटीची. तिथे टब ठेवायचा किंवा बाथरूम फोडून जकुझी बसवायची तर कमिटीची लेखी परवानगी हवी. सेक्रेटरी काका 'बघू' म्हणाले, याला परवानगी म्हणत नाहीत!

पाणी आणणार कुठून?

वीस फूट बाय दहा फूट बाय चार फूट एवढा छोटा पूल भरायला साधारण २२ हजार लिटर लागतात. शहरात माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष धरला, तर चौकोनी कुटुंबाचं हे चाळीस दिवसांचं पाणी झालं. भिवंडीची तहान स्टेम, मुंबई महापालिका आणि वऱ्हाळा तलाव यांच्यावर भागते आणि कित्येक मोहल्ले टँकरवर जगतात. त्यामुळे फिल्टर लावा, तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरा. झाकणही हवंच, नाहीतर पावसाळ्यात तुमचा पूल म्हणजे डासांचा फाइव्ह स्टार रिसॉर्ट.

जिवाशी खेळ नको

अमेरिकेत २००२ मध्ये सात वर्षांची एक मुलगी हॉट टबच्या ड्रेनच्या ओढीत अडकून बुडाली. तिच्या नावाने २००७ मध्ये तिथे ड्रेनच्या झाकणांचा कायदाच झाला. लहान मूल बुडताना आरडाओरडा करत नाही, दोन-तीन मिनिटांत सगळं संपतं. त्यामुळे मूल पाण्याजवळ असताना मोबाइल खिशात, नजर पाण्यावर.

ऑर्डर देण्याआधी हे बघा

• स्ट्रक्चरल इंजिनियरचा लेखी सल्ला. बिल्डरच्या शब्दावर जाऊ नका.
• सोसायटीचं पत्र आणि पक्कं बांधकाम असेल तर मंजूर नकाशा.
• वॉटरप्रूफिंग भारतीय मानक आयएस ६४९४ प्रमाणे. खालच्या काकूंच्या छताला ओल आली तर भांडण ठरलेलं.
• वीजजोडणीला उत्तम अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी.
• पाणी ४० अंशांच्या वर नको. गरोदरपणात किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दारू पिऊन टबमध्ये उतरणं बंद.
• मुलांना उघडता येणार नाही असं कुलूपबंद झाकण किंवा कुंपण.

यादी वाचून मूड गेला? मग सोपा उपाय आहे. तळमजल्यावर अंगण असेल तर टब तिथेच, जमिनीवर ठेवा. नसेल तर मित्रांना जमवा आणि वीकएंडला पूल असलेलं एखादं रिसॉर्ट गाठा. खाली राहणारे शेजारीही निवांत झोपतील.