गच्चीवरून टिपा तारे आणि तेजोमेघ!

हौसेने आणलेल्या दुर्बिणीचे पहिले काही दिवस घरात भारी कौतुक असते. चंद्रावरची विवरे पाहून होतात, शनीची कडी दिसली तर शेजाऱ्यांनाही बोलावणे जाते. मग पुस्तकातल्या गुलाबी-निळ्या तेजोमेघाचा शोध सुरू होतो. भिंगाआड दिसतो मात्र एक राखाडी पुंजका! मुलांचा हिरमोड होतो आणि महिन्याभरात दुर्बीण माळ्यावर जाऊन बसते.

यात दोष ना दुर्बिणीचा, ना मुलांचा. फार अंधुक प्रकाशात माणसाच्या डोळ्याला रंग ओळखता येत नाहीत आणि आलेला प्रकाश डोळ्याला साठवूनही ठेवता येत नाही. कॅमेऱ्याला ही दोन्ही कामे जमतात. पेशाने डॉक्टर असलेले अमेरिकेतील हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो काढला. त्यासाठी त्यांना सुमारे ५० मिनिटे प्रकाश गोळा करावा लागला. पुढे शंभरहून अधिक वर्षे हा छंद मोजक्या चिकाटीच्या माणसांचाच राहिला. जड स्टँड, वेगळा कॅमेरा, संगणक आणि ताऱ्याच्या मागे अचूक फिरणारे यंत्र हा सगळा पसारा प्रत्येकाला कुठे झेपणार?

स्मार्ट दुर्बिणीने हा पसारा एका छोट्या डब्यात बसवला आहे.

डोळा न लावता पाहायची दुर्बीण

२०२३ साली बाजारात आलेली ‘सीस्टार एस ५०’ हे या जातीचे चांगले उदाहरण. भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर, वजन सुमारे अडीच किलो. तिला डोळा लावायची जागाच नाही. जे काही दिसते ते मोबाईलच्या पडद्यावर. त्यामुळे एक डोळा मिटून वाकून पाहणे ज्यांना जमत नाही, ते आजी-आजोबाही खुर्चीत बसून नातवंडांबरोबर तेच दृश्य पाहू शकतात.

तिपाई सपाट जागी ठेवायची, दुर्बीण मोबाईलला जोडायची आणि यादीतून हवी ती वस्तू निवडायची. दुर्बीण आधी आकाशाचा एक फोटो घेते, त्यातल्या ताऱ्यांची ठेवण आपल्याजवळच्या नकाशाशी ताडून पाहते आणि आपले तोंड कुठे आहे ते ओळखते. मग ती स्वतःच वळते. पृथ्वी फिरत असल्याने तारे तासाला १५ अंश सरकतात. आतली मोटर त्याच गतीने त्यांच्या मागे जाते.

खरी किमया पुढेच आहे. ही दुर्बीण एकच लांब फोटो न काढता सहसा १० सेकंदांचे अनेक फोटो काढते आणि ते एकावर एक बसवत जाते. हललेले फोटो ती स्वतःच बाजूला टाकते. तारा दर फोटोत त्याच जागी असतो, खरखर मात्र दर वेळी वेगळी. त्यामुळे १०० फोटो एकत्र केले की खरखर एका फोटोच्या दहाव्या हिश्श्यावर येते. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते हेच! पहिल्या मिनिटाला दिसणारा डाग अर्ध्या तासात पाकळ्या उलगडू लागतो.

सुरुवात कशाने कराल?

पहिल्या दिवशी चंद्र घ्यावा. पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या सुमारास विवरांच्या सावल्या ठळक येतात. तेजोमेघ आणि दीर्घिकांसाठी मात्र अमावास्येच्या आसपासच्या रात्री राखून ठेवाव्यात. हिवाळ्यात मृगातला तेजोमेघ नवशिक्याला कधीच निराश करत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात देवयानी दीर्घिका आहेच. पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर असूनही ती आकाशात चंद्राच्या सहापट लांब पसरलेली आहे, त्यामुळे या दुर्बिणीच्या एका चौकटीत मावत नाही. अनेक चौकटी जोडण्याची सोय वापरावी लागते. उन्हाळ्यात शौरी तारकासमूहातला ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ टिपावा. पावसाळ्यात दुर्बिणीला सुट्टी. पाणी तिला सोसत नाही.

खरेदीपूर्वी हे जाणून घ्या

ग्रहांसाठी ही दुर्बीण नाही. गुरूचे बिंब फोटोत जेमतेम वीसेक ठिपक्यांएवढे रुंद येते. शनीची कडी आणि गुरूचे पट्टे नीट पाहायचे असतील तर जुन्या पद्धतीची मोठी दुर्बीणच बरी. हबल दुर्बिणीच्या चित्रांशीही तुलना नको. तिचा आरसा २.४ मीटर व्यासाचा, म्हणजे या भिंगाच्या ४८ पट, आणि तोही वातावरणाबाहेर!

शहरातल्या दिव्यांवर आतला फिल्टर थोडा उतारा देतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायूंच्या ठरावीक रंगांचा प्रकाश तो आत सोडतो, बाकीचा बराचसा अडवतो. चमकणाऱ्या तेजोमेघांना याचा फायदा होतो. दीर्घिकांचा प्रकाश मात्र सर्व रंगांचा असल्याने तिथे हा उपाय चालत नाही. त्यासाठी अंधारच गाठावा लागतो. लडाखमधील हानले परिसर २०२२ मध्ये काळोख्या आकाशासाठी राखीव ठरवण्यात आला आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला काळोख्या आकाशाच्या उद्यानाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. अंधारही आता जपून ठेवण्याची वस्तू झाली आहे.

सूर्याबाबत हयगय नको. सोबत मिळणारा सूर्य-फिल्टर पुढे बसवल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे वळवली तर कॅमेरा निकामी होऊ शकतो. आणि साध्या दुर्बिणीतून असे पाहिले तर डोळाच जायचा.

किंमतही लहान नाही. शिवाय सगळा कारभार मोबाईलवरच्या ॲपच्या भरवशावर चालतो, हेही लक्षात घ्यावे. म्हणून आधी एखाद्या आकाशदर्शनाला जाऊन यावे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींना आकाशाची ओळख करून देत आली आहे. मुंबईच्या खगोल मंडळाच्या वांगणीतल्या रात्रीही अनेकांच्या परिचयाच्या आहेत. चार-पाच कुटुंबांनी किंवा एखाद्या शाळेने मिळून दुर्बीण घेतली तर खर्च वाटला जातो आणि ती कपाटात पडूनही राहत नाही.

फोटो कुणाचा?

सगळे यंत्रच करते, मग माणसाने केले काय, असा आक्षेप जुनी मंडळी घेतात. तो अगदीच खोटा नाही. मृग कुठे उगवतो हे ठाऊक नसताना केवळ बटण दाबले, तर मुलाच्या हाती एक सुंदर चित्र येईल, पण आकाश येणार नाही. यावर उपाय सोपा आहे. बटण दाबण्याआधी ते नक्षत्र मुलांनी नुसत्या डोळ्यांनी शोधून दाखवायचे, हा घरचा नियम करावा. एक वहीही ठेवावी. तीत तारीख, ठिकाण, चंद्र किती होता, किती मिनिटे प्रकाश गोळा केला, एवढे लिहावे. पुढच्या हिवाळ्यात त्याच तेजोमेघावर दुप्पट वेळ देऊन पाहावा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की यंत्राने काय केले आणि आपल्या चिकाटीने काय केले, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.