उडती तबकडी झेलणारा कुत्रा : शिकवण आणि सबुरी



स्मरणिकेसाठी लेख द्या, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा त्यांच्या मनात बचत किंवा कर्जयोजना असा एखादा विषय असावा. आम्ही बँकेत काम करतो, त्यामुळे तशी अपेक्षा गैर नाही. तथापि, या वेळी आम्ही कुत्र्यावर लिहिण्याचे ठरविले आहे. विषय हलका वाटला तरी वाचकांनी लेख शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

प्लॅस्टिकची गोल, उथळ ताटलीसारखी तबकडी मुले एकमेकांकडे फेकतात. तिला फ्रिस्बी म्हणतात. ही तबकडी माणसाने फेकायची आणि कुत्र्याने धावत जाऊन, जमिनीवर पडण्यापूर्वी तोंडात झेलायची, असा एक खेळ जगात खेळला जातो. अमेरिकेत फ्रेड मॉरिसन नावाच्या गृहस्थाने अशी तबकडी तयार केली आणि १९५७ साली एका खेळणी-कंपनीने ती बाजारात आणली. ऑगस्ट १९७४ मध्ये लॉस एंजेलिस येथे बेसबॉलचा सामना चालू असताना अ‍ॅलेक्स स्टाइन हा महाविद्यालयीन तरुण आपला कुत्रा घेऊन थेट मैदानात उतरला. अ‍ॅश्ली हे त्या कुत्र्याचे नाव. त्याच्या उंच उड्या पाहून हजारो प्रेक्षक सामना विसरले. स्टाइनला पोलिसांनी धरून नेले, पण खेळ मात्र जगाला कळला. पुढच्याच वर्षापासून स्पर्धा सुरू झाल्या आणि १९७५, १९७६ व १९७७ अशी लागोपाठ तीन वर्षे अ‍ॅश्लीने अजिंक्यपद मिळविले.

एका प्रकारच्या स्पर्धेत साठ सेकंदांत जास्तीत जास्त वेळा तबकडी फेकायची व झेलायची असते. अंतर जितके लांब तितके गुण अधिक, आणि चारही पाय हवेत असताना झेल घेतला तर आणखी थोडे. दुसऱ्या प्रकारात संगीताच्या साथीने कसरती असतात.

अ‍ॅश्ली व्हिपेट जातीचा होता. नजरेने सावज हेरून वाऱ्यासारखे धावणारी ही जात. आपल्या मराठवाड्यात, विशेषतः लातूरकडे, कारवानी कुत्रे आहेत. तेही त्याच गुणाचे : लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर. पण कारवानीच पाहिजे असे मुळीच नाही. या खेळात मिश्र जातीची, रस्त्यावरून किंवा निवाऱ्यातून आणलेली कुत्रीही उतरतात. मैदानावर कोणी जातीचा दाखला मागत नाही, धाव आणि झेल पाहतात. ही गोष्ट आम्हाला फार आवडली.

पहिली अडचण : दगड

पुस्तकी माहितीत न सापडणारी एक अडचण आपल्याकडे आहे. गावठी कुत्र्यासमोर नुसते खाली वाकून पाहा. हातात काही नसले तरी तो शेपूट घालून पळेल. जन्मल्यापासून त्याच्याकडे फेकलेली प्रत्येक वस्तू दगडच असते. आता अशा कुत्र्याने फेकलेल्या वस्तूपासून दूर न पळता तिच्यामागे धावावे, अशी आपली अपेक्षा. परदेशातील कुत्र्याला तबकडी झेलायला शिकवायचे असते. आपल्या कुत्र्याला आधी दगड विसरायला शिकवावे लागते.

आमच्या चिरंजीवांनी गल्लीतले एक तांबडे पिल्लू घरी आणले. नाव ठेवले मोत्या. तो वयात आल्यावर पहिल्याच दिवशी आम्ही मोठ्या उत्साहाने तबकडी भिरकावली आणि मोत्या पलंगाखाली जाऊन बसला. दुपारपर्यंत बाहेर आला नाही. चिरंजीव म्हणाले, "बाबा, त्याच्या आईला तुम्हीच दगड मारत होता ना?" गोष्ट खरी होती. रात्री भुंकण्याने झोपमोड होते म्हणून आम्ही गॅलरीत खडे जमवून ठेवत असू. दर पौर्णिमेला विहारात पंचशील ग्रहण करणारे आम्ही, आणि उशाशी खड्यांचा ढीग! त्या दिवशी खडे टाकून दिले आणि शिकवण नव्याने सुरू केली.

शिकवण्याचा क्रम

१) तबकडी ही थाळी. पहिले दोन-तीन आठवडे तबकडी फेकायचीच नाही. ती उलटी ठेवून तिच्यात भाकरीचा कुस्करा किंवा उकडलेल्या अंड्याचे तुकडे द्यावेत. या वस्तूतून इजा होत नाही, अन्न मिळते, हे कुत्र्याला उमगले पाहिजे. मोत्याला तीन आठवडे लागले. कमी-जास्त लागतील, घाई करू नये.

२) ओढाओढ. नंतर हातातली तबकडी जमिनीलगत हलवावी. कुत्र्याने धरली की हलकेच ओढावी आणि सोडून द्यावी. जिंकल्याचा आनंद त्याला मिळू द्यावा.

३) घरंगळणे. तबकडी काठावर उभी धरून चाकासारखी जमिनीवर सोडावी. ती पळते, कुत्रा मागे पळतो. वरून काही येत नसल्यामुळे भीती वाटत नाही. भित्र्या कुत्र्यासाठी ही पायरी सर्वांत मोलाची आहे.

४) परत आणणे. कुत्रा तबकडी घेऊन पळून जातो. त्याच्यामागे धावू नये, त्याला तोच खेळ वाटतो. आपल्याजवळ तशीच दुसरी तबकडी ठेवावी आणि ती दाखवावी. पहिली टाकून तो दुसरीसाठी येतो. येताच "दे" हा शब्द उच्चारावा. शब्द एकच ठेवावा, आज "दे" आणि उद्या "सोड" असे करू नये.

५) छोटी फेक. आता दोन-तीन हात अंतरावर, कुत्र्याच्या डोक्याच्या उंचीने, सपाट फेकावी. सरळ तोंडावर कधीही फेकू नये. एक फेक तोंडावर लागली तर महिन्याची मेहनत वाया जाते. अंतर हळूहळू वाढवावे.

फेकणाऱ्याने आधी कुत्र्याशिवाय सराव करावा. तबकडी दंडाच्या जोराने जात नाही, मनगटाच्या झटक्याने जाते. झटक्याने तिला गिरकी मिळते, गिरकीमुळे ती डगमगत नाही, आणि खालून वाहणारी हवा तिला उचलून धरते. गिरकी कमी पडली की तबकडी कलंडते. आम्हाला हे जमायला मोत्यापेक्षा जास्त दिवस लागले, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

एका वेळी पाच ते दहा मिनिटे पुरेत. कुत्र्याला अजून खेळायचे असतानाच थांबावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो आपणहून वाट पाहतो. चुकला तर मारू नये, ओरडू नये. मार खाल्लेला कुत्रा आज्ञा पाळतो, पण उडी मारत नाही. उडी विश्वासातून येते.

घ्यावयाची काळजी

कुत्रा सव्वा ते दीड वर्षाचा होईपर्यंत उंच उड्या मारू देऊ नयेत. हाडांची वाढ पुरी झालेली नसते. नंतरही केवळ मागच्या दोन पायांवर आदळेल अशी उंच फेक टाळावी. माणसांच्या स्पर्धेची तबकडी १७५ ग्रॅमची व कडक असते, ती कुत्र्याला नको. मऊ, शंभर-सव्वाशे ग्रॅमची किंवा सुरुवातीला कापडी तबकडी घ्यावी. दातांनी काठ खडबडीत झाला तर हिरड्या कापतात, म्हणून बारीक पॉलिश पेपरने घासावा किंवा तबकडी बदलावी.

आपल्या जालना जिल्ह्यात दोन गोष्टी विशेष सांभाळाव्या लागतात. एक, काळी जमीन. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि धावत्या कुत्र्याचा पाय त्यात अडकून मोडू शकतो. म्हणून मैदान आधी स्वतः चालून पाहावे. दुसरे, ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. मार्च ते जून पहाटेच खेळावे. जमिनीला तळहाताची मागची बाजू काही क्षण टेकवून पाहावी. आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसतो. जीभ रुंद व गडद लाल झाली, पाय लटपटू लागले, तर सावलीत नेऊन पोट व पाय साध्या पाण्याने भिजवावेत आणि ताबडतोब पशुवैद्य गाठावा.

जेवल्यानंतर लगेच खेळवू नये. कांदा, द्राक्षे, मनुका व चॉकलेट बक्षीस म्हणूनही देऊ नये. तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित लस, यात हयगय नको. कुत्रा चावलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हळद-चुना लावून किंवा मंत्र-तोडगा करून रेबीज टळत नाही, आणि एकदा लक्षणे दिसल्यावर रोगी बहुधा वाचत नाही.

हे सर्व कशासाठी?

कुत्र्याविषयी आपल्या समाजाची आठवण दुखरी आहे. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी होते, आपल्याला नव्हते. त्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. तरीही दोष जनावराचा नव्हता, माणसाचा होता, हे बाबासाहेब जाणत असावेत. राजगृहातील फेब्रुवारी १९३४ चे कौटुंबिक छायाचित्र अनेकांच्या घरी आहे. त्यात माता रमाई, यशवंतराव आणि घरातील मंडळींबरोबर टॉबी हा त्यांचा आवडता कुत्राही आहे. पुढच्या वेळी तसबिरीसमोर उभे राहाल तेव्हा त्याच्याकडेही एकदा पाहावे.

कुक्कुर जातकात बोधिसत्त्व स्मशानातल्या कुत्र्यांचा म्होरक्या आहे. राजाच्या रथाचे चामडे राजवाड्यातली पाळीव कुत्री खातात आणि हुकूम सुटतो तो बाहेरची कुत्री मारण्याचा. बोधिसत्त्व दरबारात जाऊन विचारतो की, चौकशी न करता दुबळ्यांना शिक्षा, हा कोणता न्याय? ताक आणि गवत पाजून तो खरे चोर दाखवून देतो. हा प्रश्न फक्त कुत्र्यांचा नाही, हे आपल्याला सांगावयास नको.

मोत्या आता पंचवीस-तीस पावलांवरची तबकडी झेलतो. दहापैकी चार सुटतात. स्पर्धेला तो जाणार नाही. परंतु गल्लीतली जी मुले पूर्वी त्याच्या आईला दगड मारीत, ती संध्याकाळी तबकडी मागायला आमच्या दारात येतात. हात तेच, फेकणेही तेच, फक्त वस्तू बदलली. पहिले शील आपण दर पौर्णिमेला तोंडाने म्हणतो. ते हातात कसे उतरते, हे आम्हाला एका गावठी कुत्र्याने शिकविले.

परवा आम्ही चप्पल उचलायला वाकलो. मोत्या पळाला नाही. शेपूट हलवीत तबकडीची वाट पाहत उभा राहिला.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.