हातोडा पडल्यानंतर

मध्य कोलकात्यात राजेंद्रनाथ मुखर्जी मार्गावर 'नीलहाट हाउस' नावाची एक इमारत आहे. नील म्हणजे नीळ आणि हाट म्हणजे बाजार. निळीचा बाजार केव्हाच उठून गेला. १८९७ मध्ये जर्मनीतील कारखान्यांची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि थोड्याच वर्षांत बंगाल-बिहारमधील निळीची शेती लयाला गेली. तथापि इमारतीच्या नावात तो बाजार टिकून राहिला आणि निळीची जागा चहाने घेतली. कोलकात्यात चहाचा पहिला जाहीर लिलाव २७ डिसेंबर १८६१ रोजी झाला. तेव्हापासून आसाम, दार्जिलिंग आणि दुआर प्रदेशातील चहा या शहरात बोलीने विकला जात आहे.

लिलावाचे दृश्य वरवर पाहता अगदी साधे असते. कोणी एक किंमत उच्चारतो, दुसरा तिच्यावर चढ करतो, अखेरीस हातोडा पडतो आणि माल कोणाचा हे ठरते. परंतु हातोडा पडतो त्या क्षणी विक्रेत्याच्या हाती काय येते? पैसा येत नाही. येतो तो केवळ शब्द. शब्द आणि पैसा यांच्यामध्ये काही काळ जातो, आणि लिलावाच्या व्यापारातील बहुतेक संकटे या मधल्या काळातच जन्म घेतात. बोली जिंकून पैसे न देणारा ग्राहक हा लिलावाइतकाच जुना आहे. हातोड्याची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली, चहाच्या पेट्यांऐवजी केवळ नावे विकली जाऊ लागली, तरीही तो नाहीसा झालेला नाही. त्याच्यापासून बचाव कसा करावयाचा, याचे उत्तर कोलकात्याच्या जुन्या बाजारात पुष्कळसे सापडते.

कायदा काय म्हणतो

भारतातील मालविक्री अधिनियम १९३० सालचा आहे. त्याच्या ६४ व्या कलमानुसार, लिलाव करणाऱ्याने हातोडा पाडून अथवा अन्य रूढ पद्धतीने विक्री जाहीर केली की ती पूर्ण होते. तोपर्यंत बोली बोलणाऱ्यास आपली बोली मागे घेता येते. त्यानंतर मात्र तो करारात बांधला जातो. बोली हा प्रस्ताव, आणि हातोडा ही त्याची स्वीकृती होय.

ग्राहकाने पैसे दिले नाहीत तर विक्रेत्याला या कायद्याने तीन हक्क दिले आहेत. माल त्याच्या ताब्यात असेल तर तो अडवून ठेवण्याचा हक्क हा पहिला. माल वाटेत असेल आणि ग्राहकाचे दिवाळे वाजले असेल, तर तो वाटेतच थांबविण्याचा हक्क हा दुसरा. ग्राहकाला सूचना देऊन वाजवी मुदत उलटल्यावर माल पुन्हा विकण्याचा हक्क हा तिसरा. फेरविक्रीत कमी किंमत आली, तर ती तूट मूळ ग्राहकाकडून वसूल करता येते. जास्त आली, तर तो नफा त्याला मागता येत नाही. मात्र सूचना न देता फेरविक्री केली, तर हे दोन्ही फायदे विक्रेता गमावतो.

न्यायालयाच्या हुकुमाने होणाऱ्या स्थावर मालमत्तेच्या लिलावात नियम याहून कडक आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या एकविसाव्या आदेशाप्रमाणे, ज्याच्या नावे बोली सुटेल त्याने किमतीचा चौथा हिस्सा तेथल्या तेथे आणि उरलेली रक्कम पंधरा दिवसांच्या आत भरावयाची असते. त्याने कुचराई केल्यास मालमत्ता पुन्हा लिलावात निघते, अनामत जप्त होऊ शकते आणि फेरलिलावातील तूटही त्याच्याच माथी बसते.

या तरतुदींकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. विक्रेत्याचे तिन्ही हक्क मालावर त्याची पकड आहे तोपर्यंतच खरे बळकट असतात. माल हातातून निघून गेला की त्याच्याजवळ दाव्याचा हक्क तेवढा उरतो. दावा म्हणजे वकील, तारखा आणि वर्षे.

चहाच्या बाजारातील व्यवस्था

चहाच्या व्यापाऱ्यांनी हे सत्य फार पूर्वी ओळखले. म्हणून त्यांनी लिलावाची रचनाच अशी केली की मालावरील पकड पैसा येईपर्यंत सुटू नये. मळ्यातून अथवा कारखान्यातून आलेला चहा गोदामात उतरतो. दलाल त्याचे नमुने काढतात, चव घेऊन अंदाजे मोल ठरवितात आणि मालाचे गट पाडून सूची छापतात. नमुने ग्राहकांकडे आधीच पोहोचलेले असतात. त्यामुळे बोलीच्या वेळी मालाचा ढीग समोर मांडण्याची गरज राहत नाही.

बोली सुटल्यानंतर पैसे भरण्यासाठी सुमारे दोन आठवड्यांची मुदत मिळते. या मुदतीच्या अखेरच्या दिवसास व्यापारात 'प्रॉम्प्ट' दिवस म्हणतात. पैसे जमा झाले की सुटकेचा हुकूम मिळतो, आणि तो दाखविल्यावरच गोदामातून चहा बाहेर पडतो. विक्रेता आणि ग्राहक यांनी परस्परांना पाहिलेलेही नसते. दोघांचाही संबंध दलालाशी आणि ठरलेल्या नियमांशी असतो. नोंदणी झालेल्या ग्राहकालाच बोली बोलता येते, आणि ज्याची पत गेली त्याला या बाजारात पाऊल ठेवणे कठीण होते.

या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर चहा मंडळाने लिलाव संगणकावर नेले. दालनातील कोलाहल थांबला आणि बोली पडद्यावर उमटू लागली. परंतु नोंदणी, नमुना, मुदत आणि पैशानंतरच सुटका हा व्यवस्थेचा कणा पूर्वीसारखाच राहिला. बदलले ते बोलीचे साधन. बोलीमागील सावधगिरी बदलली नाही.

या सावधगिरीमागे केवळ व्यापाऱ्याचा नफा नाही. देशातील चहाच्या उत्पादनात आज छोट्या उत्पादकांचा वाटा जवळजवळ निम्मा आहे. जलपाईगुडीतील शेतकरी हिरवी पाने खुडून कारखान्याला देतो, कारखाना चहा करून लिलावात पाठवितो, आणि लिलावातून आलेल्या पैशातून पानांचे दाम व मजुरांची मजुरी चुकती होते. कोलकात्यात एखाद्या ग्राहकाने पैसे भरण्यास विलंब लावला, तर त्याची झळ शेकडो किलोमीटरांवरील त्या घराला लागते. कांद्याच्या लिलावानंतर व्यापाऱ्याचा न वटलेला धनादेश हाती घेऊन बसलेल्या नाशिककडील शेतकऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. उधारीचे पोते सव्वा हात रिते, असे आपल्याकडे म्हणतात. ती म्हण उधारीवर घेणाऱ्याविषयी आहे. उधारीवर विकणाऱ्याचे पोते तर कधी कधी पूर्णच रिते होते.

खोट्या बोलीचे खरे नुकसान

ग्राहकाने पैसे दिले नाहीत तरी माल तर आपल्याकडेच आहे, मग नुकसान ते काय, असे कोणी विचारील. नुकसान अनेक प्रकारचे असते. वेळ वाया जातो, आणि चहासारख्या मालाचा ताजेपणा वेळेबरोबर ओसरतो. इतर इच्छुक ग्राहक तोवर दुसरीकडे खरेदी करून मोकळे होतात. फेरलिलावात तोच माल पुन्हा दिसला की त्यात काही खोट असावी अशी शंका लोकांच्या मनात येते.

याहून गंभीर नुकसान किमतीचे होते. लिलाव ही किंमत शोधून काढण्याची रीत आहे. शंभर रुपयांची शेवटची बोली खोटी ठरली, तर नव्वद रुपयांची बोली खरी मानावी काय? ती बोलणारा ऐंशीवर थांबला असता. खोट्या स्पर्धकाने त्याला वर ढकलले. म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला माल देऊ केला असता तो अनेकदा नाकारतो, आणि त्याला दोष देता येत नाही. पैसे न देणारा ग्राहक स्वतःचीच बोली बुडवितो असे नाही. त्या लिलावातील सर्वांच्या बोलींवरचा विश्वास तो नाहीसा करतो.

असा ग्राहक नेहमी लबाड किंवा कफल्लक असतो असेही नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये पॅरिस येथील एका मोठ्या लिलावात उंदीर आणि ससा यांची दोन कांस्यशीर्षे निघाली. १८६० साली परकीय फौजांनी बीजिंगचा ग्रीष्मकालीन राजवाडा लुटला तेव्हा ती चीनमधून नेण्यात आली होती. त्यांच्यावरील बोली तीन कोटी युरोंहून अधिक रकमेवर सुटली. काही दिवसांनी बोली जिंकणाऱ्या चिनी संग्राहकाने जाहीर केले की आपण पैसे देणार नाही. देशाची लुटलेली वस्तू विकत घ्यावी लागू नये म्हणूनच आपण बोली बोललो होतो. त्याच्या हेतूविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु लिलावाची मांडणी कोलमडविण्यास एकच न पाळलेला शब्द पुरतो, हे त्यातून दिसले. ती शीर्षे पुढे एका फ्रेंच उद्योगपतीने २०१३ मध्ये चीनला परत केली.

लायन्स रेंजचा धडा

मधला काळ लांबला आणि अनामत तुटपुंजी राहिली तर काय होते, याचा अनुभव कोलकात्यानेच २००१ साली घेतला. नीलहाट हाउसपासून थोड्याच अंतरावर लायन्स रेंज येथे १९०८ साली स्थापन झालेला कलकत्ता शेअर बाजार होता. तेथील काही दलालांनी आपल्या ऐपतीपलीकडे समभागांची खरेदी केली होती. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात भाव कोसळले आणि विकत घेतलेल्या समभागांचे पैसे त्यांना भरता येईनात. ज्यांनी समभाग विकले होते त्यांना पैसे देण्यासाठी बाजाराला हमी-निधीत हात घालावा लागला. या प्रकरणाची संयुक्त संसदीय समितीने चौकशी केली. कलकत्ता शेअर बाजार त्या धक्क्यातून सावरला नाही. २०१३ साली तेथील व्यवहार थांबले.

देशाने यातून काढलेला निष्कर्ष लक्षात घेण्यासारखा आहे. माणसे अधिक प्रामाणिक होतील अशी वाट कोणी पाहिली नाही. मधला काळच कमी करण्यात आला. पूर्वी आठवडाभराचे व्यवहार एकत्र चुकते होत. २००२ च्या एप्रिलपासून ते व्यवहारानंतरच्या तिसऱ्या दिवशी, २००३ च्या एप्रिलपासून दुसऱ्या दिवशी आणि जानेवारी २०२३ पासून सर्व समभागांच्या बाबतीत दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी, म्हणजे एका दिवसाच्या अंतराने चुकते होऊ लागले. शब्द आणि पैसा यांमधील अंतर जितके कमी, तितका शब्द मोडण्यास वाव कमी.

ज्या मालाला गोदाम नाही

आता एक असा माल विचारात घेऊ, की ज्याला वजन नाही, वास नाही आणि ठेवावयास गोदामही नाही. इंटरनेटवरील प्रत्येक संकेतस्थळाला एक नाव लागते. त्यास डोमेन-नाव म्हणतात. एक नाव एका वेळी एकाच्याच नावे नोंदविता येते. म्हणून आटोपशीर आणि सुबोध नावांना मोल येते व ती लिलावात विकली जातात. असे नाव कोणाच्या कायम मालकीचे नसते. ठरावीक मुदतीसाठी शुल्क भरून ते राखावे लागते. शेवटी 'डॉट इन' असणाऱ्या भारतीय नावांची खुली नोंदणी २००५ पासून सुरू झाली. नाव हे व्यापारी चिन्हासारखेच संरक्षणास पात्र ठरू शकते, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला.

समजा, कोलकात्यातील एखाद्याने आपल्या नोंदीचे एक नाव लिलावात काढले आणि परदेशातील एका अनोळखी ग्राहकाने सर्वांत मोठी बोली बोलली. पुढे तो निरोपांना उत्तरच देत नाही. त्याच्यावर दावा लावावयाचा तर कोणत्या देशात, आणि तो खरोखर कोण हे कोणास ठाऊक? नावाची किंमत काही हजार रुपये असेल तर दाव्याचा खर्चच तिच्याहून अधिक होईल. कायदा विक्रेत्याच्या बाजूने असूनही त्याच्या हाताशी येत नाही.

याहून घातक प्रसंग उलट दिशेने ओढवतो. ग्राहक तत्परतेने पैसे पाठवितो. विक्रेता नाव हस्तांतरित करण्याचा गुप्त संकेतांक त्याला देतो. काही आठवड्यांनी कळते की ज्या कार्डावरून पैसे आले ते चोरीचे होते, किंवा देणाऱ्याने तक्रार करून रक्कम परत फिरविली आहे. तोवर नाव दुसऱ्याच्या खाती गेलेले असते. पैसा परत फिरू शकतो, पण नाव सहजी परत येत नाही; या विषमतेतच सारा धोका आहे.

यावरील उपाय कोलकात्याच्या गोदामाचीच आठवण करून देतात. ग्राहकाची ओळख पटविल्यावाचून मोठी बोली स्वीकारू नये. चहाच्या बाजारातील नोंदणीचे हे नवे रूप होय. बोलीपूर्वी इसार घ्यावा, म्हणजे शब्द मोडण्याची काही किंमत राहील. मुदत थोडी आणि स्पष्ट असावी, आणि ती उलटताच विक्री रद्द समजली जाईल हे आधीच लिहून ठेवावे. सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे 'एस्क्रो', अर्थात त्रयस्थाकडे ठेव. ग्राहक रक्कम त्रयस्थाकडे भरतो. ती भरल्याची खात्री झाल्यावर विक्रेता नाव हस्तांतरित करतो. ग्राहकाने नाव मिळाल्याचे कळविल्यावर त्रयस्थ रक्कम विक्रेत्याला देतो. मात्र ग्राहकाने सुचविलेला त्रयस्थ डोळे मिटून स्वीकारू नये. अशा संस्थांची हुबेहूब खोटी संकेतस्थळे उभारून फसवणूक झालेली आहे. त्रयस्थ कोण हे विक्रेत्याने स्वतः पारखून घेतले पाहिजे.

या हाताने द्यावे आणि त्या हाताने घ्यावे, हा बाजाराचा सर्वांत जुना नियम आहे. देणारा आणि घेणारा समोरासमोर असतात तेव्हा तो आपोआप पाळला जातो. ते एकमेकांपासून दूर असतात तेव्हा गोदाम, दलाल, इसार, हमी-निधी अथवा त्रयस्थ यांच्या साहाय्याने तो मुद्दाम घडवून आणावा लागतो. दीडशेहून अधिक वर्षे कोलकात्यातील चहाचा बाजार चालला, तो तेथील प्रत्येक ग्राहक सचोटीचा होता म्हणून नव्हे. एखादा तसा नसला तरी चहा गोदामातच राहील, अशी तजवीज आधी केलेली होती म्हणून.