ड्रिफ्टिंग (मोटारचालन)

ड्रिफ्टिंग हे मोटारचालनातील एक तंत्र आणि त्यावर आधारित क्रीडाप्रकार आहे. वळणावर मागील चाकांची रस्त्यावरील पकड जाणीवपूर्वक सोडवायची आणि मोटार आडवी सरकत असताना तिच्यावरील ताबा न गमावता वळण पार करायचे, असे त्याचे स्वरूप आहे. मागील चाकांना इंजिनाची शक्ती पुरविणारी मोटार, म्हणजे रिअर-व्हील ड्राइव्ह मोटार, यासाठी सर्वांत सोयीची ठरते. सामान्य घसरण हा अपघात असतो. ड्रिफ्टमध्ये घसरणीचा आरंभ, तिचा कोन आणि तिचा शेवट ही तिन्ही चालकाच्या हाती असतात. घसरलेली मोटार सावरता येणे हा या कौशल्याचा गाभा आहे. खेळाशी संबंध नसलेल्या चालकालाही त्याचा उपयोग होतो.

भौतिक तत्त्व

टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाला मर्यादा असते. मोटारीला वेग देणे, ती थांबविणे आणि वळविणे ही तिन्ही कामे टायरला याच मर्यादित पकडीतून करावी लागतात. एका कामासाठी पकड अधिक खर्ची पडली की दुसऱ्यासाठी कमी उरते. वळणावर असताना मागील चाकांना प्रमाणाबाहेर शक्ती दिली, तर आडव्या दिशेने मोटार धरून ठेवण्याची त्यांची क्षमता घटते आणि मागील भाग वळणाच्या बाहेर सरकतो. या स्थितीस ओव्हरस्टिअर म्हणतात. पुढील चाकांची पकड आधी सुटली आणि स्टिअरिंग फिरवूनही मोटार सरळ जाऊ लागली, तर त्यास अंडरस्टिअर म्हणतात.

वळणासाठी लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की बल चौपट लागते. ३० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर घर्षणगुणांक ०.८ मानल्यास पकड सुटण्याची सीमा ताशी सुमारे ५५ किलोमीटरवर येते. रस्ता ओला होऊन गुणांक ०.४ झाला, तर तीच सीमा ताशी सुमारे ३९ किलोमीटरपर्यंत खाली उतरते. कोरड्या रस्त्यावर निर्धोक वाटणारा वेग पावसात घातक का ठरतो, याचे उत्तर या गणितात आहे.

दुसरे तत्त्व भाराच्या स्थलांतराचे आहे. ब्रेक दाबला किंवा ॲक्सिलरेटरवरील पाय एकाएकी काढला की मोटारीचा भार पुढे झुकतो, मागील चाके हलकी होतात आणि त्यांची पकड कमी होते. म्हणूनच मागील भाग घसरू लागल्यावर घाबरून केलेली ही कृती पुष्कळदा घसरण वाढविते.

मागील चाकांच्या चालनाचे महत्त्व

रिअर-व्हील ड्राइव्ह मोटारीत पुढील चाके दिशा देतात व मागील चाके गती देतात. त्यामुळे स्टिअरिंगने पुढचा भाग आणि ॲक्सिलरेटरने मागचा भाग असे दोन्ही भाग स्वतंत्रपणे हाताळता येतात. पुढील चाकांवर चालणाऱ्या मोटारीत हँडब्रेकने मागील भाग घसरविता येतो. मात्र इंजिनाच्या शक्तीने ती घसरण टिकविता येत नाही.

डिफरन्शियलचाही येथे मोठा वाटा असतो. साध्या डिफरन्शियलमध्ये वळणाच्या आतील बाजूचे, भार कमी झालेले चाक नुसते गरगर फिरते आणि बाहेरील चाकाला पुरेशी शक्ती मिळत नाही. म्हणून या खेळातील मोटारींना दोन्ही मागील चाके जवळजवळ एकाच गतीने फिरविणारे लिमिटेड-स्लिप किंवा पूर्णपणे जखडलेले डिफरन्शियल बसवितात.

घसरण सुरू करण्याच्या पद्धती

* शक्तीच्या जोरावर: वळणात असताना ॲक्सिलरेटर अधिक दाबून मागील चाके फिरविणे.
* क्लचचा झटका: क्लच क्षणभर दाबून इंजिनाचा वेग वाढविणे व क्लच एकदम सोडणे. कमी शक्तीच्या मोटारीत ही पद्धत उपयोगी पडते.
* हँडब्रेक: मागील चाके क्षणभर जखडून त्यांची पकड सोडविणे.
* हुलकावणी: वळणाआधी मोटार क्षणभर विरुद्ध दिशेला नेऊन मग वळणात आणणे, जेणेकरून भाराचा झोका मागील भागाला बाहेर ढकलतो.

शिकण्याचा क्रम

प्रशिक्षण बंदिस्त, मोकळ्या आणि अडथळे नसलेल्या जागेत, जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, हेल्मेट व आसनपट्टा वापरून घेतले जाते. आरंभी जमीन ओली व गुळगुळीत ठेवतात. घर्षणगुणांक ०.३ असेल, तर १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ताशी २४ किलोमीटरच्या आसपासच पकड सुटते. चूक झाली तरी वेग कमी असल्याने ती निभावते आणि टायरही कमी झिजतात.

पहिला पाठ बैठकीचा असतो. पाठ आसनाला टेकलेली असावी आणि स्टिअरिंग फिरविताना खांदे उचलले जाऊ नयेत, कारण मोटार घसरू लागल्याची पहिली जाणीव शरीराला आसनातूनच होते.

दुसरा पाठ सावरण्याचा. उजव्या वळणावर मागील भाग डावीकडे सरकला, तर स्टिअरिंगही डावीकडे फिरवावे लागते. यास काउंटर-स्टिअरिंग म्हणतात. ॲक्सिलरेटर झटक्याने न सोडता हळूहळू कमी करायचा असतो. नवशिक्यांची खरी कसोटी यापुढे लागते. मागील चाकांनी पुन्हा पकड घेतली त्या क्षणी पुढील चाके वळलेलीच राहिली, तर मोटार एकदम विरुद्ध बाजूला फेकली जाते. हा उलटा झोका पहिल्या घसरणीपेक्षा जोरदार असू शकतो. त्यामुळे स्टिअरिंग वळविण्याइतकेच ते वेळेवर सरळ करणेही महत्त्वाचे ठरते.

तिसरा पाठ नजरेचा. जिकडे जायचे तिकडे पाहावे. अडथळ्यावर नजर खिळली तर हातही तिकडेच वळतात. त्यानंतर एका खुणेभोवती वर्तुळ, दोन खुणांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा मार्ग आणि शेवटी एकापाठोपाठ एक जोडलेली वळणे असा क्रम असतो. आठच्या आकड्यात घसरणीची दिशा बदलावी लागते. त्यामुळे भार एका बाजूकडून दुसरीकडे कसा जातो, याचे पुरते आकलन तेथे होते.

इतिहास

चारही चाके किंचित सरकवीत वळण घेण्याची पद्धत इटालियन शर्यतपटू तात्सियो नुव्होलारी यांच्या काळापासून परिचित आहे. आजच्या अर्थाने ड्रिफ्टिंग जपानमध्ये विकसित झाले. १९७० च्या दशकात कुनिमित्सू ताकाहाशी हे टूरिंग मोटारींच्या शर्यतींत वळणे घसरत पार करण्यासाठी ओळखले जात. त्यांच्यापासून प्रेरणा घेतलेल्या केइची त्सुचिया यांनी डोंगरी रस्त्यांवर हे तंत्र घोटविले. १९८७ मध्ये निघालेल्या ‘प्लसपी’ या चित्रफितीमुळे ते सर्वदूर पोहोचले. त्यांची टोयोटा एई८६ ही हलकी, मागील चाकांवर चालणारी मोटार या प्रकाराचे प्रतीक बनली. १९९५ च्या ‘ल माँ २४ तास’ शर्यतीत ताकाहाशी, त्सुचिया आणि अकिरा इईदा यांनी होंडा एनएसएक्स चालवून जीटी२ गटात विजय मिळविला. डी१ ग्रां प्री ही जपानी स्पर्धामालिका २०००–०१ मध्ये सुरू झाली. २०१७ मध्ये टोकियो येथे एफआयए या जागतिक संघटनेचा पहिला आंतरखंडीय ड्रिफ्टिंग चषक झाला. अशा स्पर्धांत मार्गरेषा, घसरणीचा कोन आणि सादरीकरणाची शैली यांना गुण असतात.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रातील अनेक पिढ्या मागील चाकांवर चालणाऱ्या वाहनांवरच शिकल्या. मुंबईत कुर्ला येथे बनणारी प्रीमियर पद्मिनी त्याच प्रकारची होती. १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० आणि १९९८ मध्ये पुण्याच्या टाटा उद्योगाने सादर केलेली इंडिका या पुढील चाकांवर चालणाऱ्या मोटारी. त्यांच्यानंतर छोट्या मोटारींत ही जुनी रचना मागे पडली. मालवाहतूक व ग्रामीण प्रवासात मात्र ती टिकून आहे. नाशिकला तयार होणारी महिंद्रा बोलेरो, पिकअप गाड्या आणि टाटा एस यांची मागील चाकेच गती देतात.

अहिल्यानगर जिल्ह्यात पारनेर तालुक्यातील सुपा हे गाव अहिल्यानगर–पुणे महामार्गावर असून तेथे औद्योगिक वसाहत आहे. त्यामुळे मालवाहू वाहनांची वर्दळ असते. हा भाग पर्जन्यछायेत येतो. दीर्घ कोरड्या काळात रस्त्यावर साचलेली धूळ, तेल आणि टायरचे कण पहिल्या पावसात निसरडा थर बनवितात. रिकाम्या पिकअपच्या मागील चाकांवर भार कमी असतो. अशी गाडी सुपा ते अहिल्यानगर दरम्यानच्या कामरगाव घाटासारख्या उतारावर असताना चालकाने एकदम खालचा गिअर टाकून क्लच सोडला, तर इंजिनाच्या रोधाने मागील चाके घसरू शकतात. येथे घसरणीचे ज्ञान प्रदर्शनासाठी नव्हे, तर वळणाआधीच वेग कमी करण्यासाठी आणि घसरण झालीच तर हात शांत ठेवण्यासाठी उपयोगी पडते.

अहिल्यानगर येथील वाहननगरात संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास आस्थापना आहे. तेथील धावपट्ट्यांवर वाहनांच्या चाचण्या घेतल्या जातात. त्या सर्वसामान्यांच्या प्रशिक्षणासाठी नाहीत. सैल मातीवर घसरत वळण घेण्याचे तंत्र रॅली प्रकारात आवश्यक असते. नाशिक परिसरातील ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ हे त्याचे राज्यातील परिचित उदाहरण आहे. भारतात इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूर व ग्रेटर नोएडा येथे कायमस्वरूपी शर्यतमार्ग आहेत.

कायदेशीर बाजू व सुरक्षितता

सार्वजनिक रस्त्यावर ड्रिफ्टिंग करणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालन ठरू शकते. कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे हा गुन्हा आहे. भरधाव व निष्काळजी वाहनचालन भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली दंडनीय आहे.

१९९५ पासून मोटारींत येऊ लागलेली इलेक्ट्रॉनिक स्थैर्यप्रणाली घसरण ओळखून एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावते व इंजिनाची शक्ती कमी करते. ड्रिफ्टच्या सरावात ती बंद ठेवतात. रस्त्यावर ती चालू असणे आवश्यक आहे. टायरच्या पकडीची सीमा ओलांडली गेल्यावर मात्र कोणतीही प्रणाली ती वाढवू शकत नाही. त्यामुळे योग्य हवेचे दाब, न झिजलेले टायर आणि वळणापूर्वी कमी केलेला वेग हेच रस्त्यावरील मुख्य संरक्षण होय.

हेही पाहा

* घर्षण
* अभिकेंद्री बल
* डिफरन्शियल
* मोटार रॅली