फ्रान्समधील स्थलनामांची व्युत्पत्ती

फ्रान्समधील शहरे, गावे, नद्या व प्रांत यांची बहुतेक नावे आजच्या फ्रेंच भाषेहून जुनी आहेत. त्या भूमीवर केल्टपूर्व लोक, ग्रीक, गॉल, रोमन, फ्रँक, ब्रेतों आणि नॉर्स अशा भिन्नभाषी समाजांनी वस्ती केली. प्रत्येकाने काही नवी नावे दिली आणि आधीची नावे आपल्या उच्चाराला मानवतील अशी बदलून घेतली. त्यामुळे ही नावे इतिहासाचे महत्त्वाचे साधन ठरतात. विशेषतः गॉलिश भाषेचे लेखी अवशेष तुटपुंजे असल्याने तिच्या शब्दसंग्रहाचा मोठा भाग स्थलनामांतूनच हाती लागतो. मात्र आजच्या फ्रेंच शब्दकोशाच्या आधारे या नावांचा अर्थ लावू गेल्यास तो पुष्कळदा चुकतो.

फसवे अर्थ आणि अभ्यासाची पद्धत

दक्षिण फ्रान्समधील ओरांज हे शहर याचे ठळक उदाहरण आहे. फ्रेंचमध्ये ‘ओरांज’ म्हणजे संत्रे. परंतु शहराचे नाव रोमन काळातील ‘आराउसिओ’ या नावावरून आले असून ते मूळचे एका स्थानिक जलदेवतेचे मानले जाते. फळाच्या नावाचा प्रवास अगदी वेगळा आहे. तो संस्कृत ‘नारङ्ग’ या शब्दापासून फारसी व अरबीमार्गे युरोपात पोहोचतो. मराठीतील ‘नारिंग’ हा त्याच कुळातील शब्द होय. उच्चारांची झीज होता होता दोन असंबद्ध शब्द एकरूप झाले. पुढे 1544 मध्ये ओरांजचे संस्थान वारशाने नासाऊ घराण्याकडे गेले आणि नेदरलँड्सच्या राजघराण्याला या नावाबरोबरच नारिंगी रंगही चिकटला. एका ध्वनिसाम्याने राष्ट्रीय रंग ठरावा, असे इतिहासात क्वचितच घडले असेल.

लोकव्युत्पत्तीचे असे अनेक नमुने सापडतात. तूर शहराजवळील सँ-मार या गावाचे नाव ज्या प्रकारे लिहिले जाते, त्याचा शब्दशः अर्थ ‘पाच मार्च’ असा होतो. प्रत्यक्षात ते संत मेदार यांच्या नावाचे अपभ्रष्ट रूप आहे. पश्चिमेकडील सँत या शहराच्या नावात ‘संत’ दिसतात, पण त्याचा उगम सांतोनी या गॉलिश टोळीच्या नावात आहे. नॉर्मंडीतील ओंफ्लेर, आर्फ्लेर व बार्फ्लेर या बंदरांच्या नावांतील ‘फ्लेर’ म्हणजे फूल नव्हे. अकराव्या शतकातील लेखांत ओंफ्लेरचे नाव ‘हुनेफ्लेथ’ असे येते आणि त्यातील उत्तरपद खाडी किंवा भरतीचे पाणी शिरणारा प्रवाह या अर्थाचे आहे. स्पेनच्या सीमेजवळील सें-जाँ-द-ल्यूझ या गावाच्या नावातील अखेरचे पद ‘प्रकाश’ या अर्थाच्या शब्दासारखे वाटते. बास्क भाषेतील त्याचे रूप ‘लोहिझुने’ असे असून ते चिखलाशी, दलदलीशी निगडित आहे.

म्हणून अभ्यासक नावाच्या आजच्या रूपावर विसंबत नाहीत. रोमन शिलालेख, मार्गपत्रके, सीझरसारख्या लेखकांचे ग्रंथ, मध्ययुगीन मठांच्या जमिनींच्या नोंदी व दानपत्रे यांतून ते जुनी रूपे गोळा करतात आणि त्या त्या प्रदेशातील ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांशी ती ताडून पाहतात. या अभ्यासाला शास्त्रीय बैठक देण्यात ओग्यूस्त लोन्यों यांचा वाटा मोठा आहे. आल्बेर दोझा व शार्ल रोस्तें यांचा 1963 मध्ये प्रसिद्ध झालेला स्थलनामांचा व्युत्पत्तिकोश आजही वापरात आहे. मात्र त्यातील अनेक निष्कर्षांना एर्नेस्त नेग्र यांच्यासारख्या पुढील संशोधकांनी दुरुस्त्या सुचवल्या आहेत.

केल्टपूर्व, ग्रीक व गॉलिश नावे

सर्वांत चिवट नावे नद्यांची असतात. सेन (लॅटिन रूप सेक्वाना), ल्वार (लिगेर) आणि गारोन (गारुम्ना) ही नावे रोमनांच्याही आधीची असून त्यांपैकी काही केल्टपूर्व असावीत. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर ग्रीक वसाहतींची नावे टिकून आहेत. आँतीब म्हणजे ‘आंतिपोलिस’, समोरचे नगर. नीस म्हणजे ‘निकाइया’, ज्याचा संबंध ग्रीक भाषेतील विजयवाचक शब्दाशी जोडला जातो. मार्सेलची स्थापना ग्रीकांनी इसवी सनापूर्वी 600 च्या सुमारास केली असली, तरी त्याचे ‘मास्सालिया’ हे नाव ग्रीक नसावे, असे मानले जाते.

गॉलिश नावांत काही पदे वारंवार येतात. ‘दूनोन’ म्हणजे तटबंदी असलेली टेकडी. ल्यों हे नाव ‘लुग्दुनुम’, अर्थात लुगुस देवाचा गड, याचे संक्षिप्त रूप आहे. व्हेर्दं व लूदं या नावांतही तेच पद आहे. ‘मागोस’ म्हणजे मैदान, बाजाराची जागा. त्यावरून ‘रोतोमागुस’चे रूआं आणि ‘नोव्हिओमागुस’चे न्वायों झाले. ‘ब्रिव्हा’ म्हणजे पूल, त्यावरून ब्रीव्ह. ‘कोंदाते’ म्हणजे संगम, त्यावरून कोंदे. ‘इआलोन’ या पदाचा अर्थ जंगल तोडून मोकळी केलेली जागा असा होता. पॅरिसच्या परिसरातील आर्जांतय, ओतय, क्रेतेय यांच्या शेवटी ते आजही ओळखता येते. व्हेर्नय म्हणजे आल्डर वृक्षांमधील मोकळी जागा. आज दाट वस्तीची असलेली ही उपनगरे कधीकाळी रानात होती, हे त्यांची नावे सांगतात.

टोळ्यांवरून पडलेली नगरनावे

रोमनांनी गॉल जिंकल्यावर अनेक नगरांना नवी नावे मिळाली, तर काहींची जुनी गॉलिश नावे कायम राहिली. पॅरिसचे नाव ‘लुतेतिया’, रेंसचे ‘दुरोकोर्तोरुम’, आमियेंचे ‘सामारोब्रिव्हा’ म्हणजे सोम नदीवरील पूल, तूरचे ‘कैसारोदुनुम’, तर लिमोजचे ‘औगुस्तोरितुम’ असे होते. साम्राज्याच्या उत्तरकाळात मात्र उत्तर व मध्य गॉलमध्ये एक विलक्षण बदल घडला. नगराचे स्वतःचे नाव मागे पडले आणि ते ज्या टोळीच्या मुलखाचे मुख्य ठिकाण होते, त्या टोळीचेच नाव नगराला लागू झाले. पारिसींचे पॅरिस, रेमींचे रेंस, आंबियानींचे आमियें, तुरोनींचे तूर, लेमोव्हिकींचे लिमोज, कार्नुतींचे शार्त्र, नाम्नेतींचे नांत, रेदोनींचे रेन अशी ही मालिका आहे. रोमन सत्तेने प्रशासनासाठी टोळ्यांचे जुने विभाग कायम ठेवले, ‘अमुक लोकांचे नगर’ असा उल्लेख रूढ झाला आणि कालांतराने त्यातील केवळ लोकांचे नाव उरले. सीझरने जिंकलेल्या टोळ्यांची भाषा लोपली, पण त्यांची नावे आजच्या फ्रान्सच्या नकाशावर ठळक अक्षरांत आहेत.

भूमध्य समुद्रालगतचा दक्षिण भाग सुमारे सत्तर वर्षे आधी रोमच्या ताब्यात आला होता आणि तेथे टोळीच्या अस्मितेपेक्षा नगराची ओळख अधिक रुजली होती. म्हणून नारबोन, नीम, आर्ल, बेझिये यांनी आपली प्राचीन नगरनावेच राखली.

एकाच टोळीच्या नावाची दोन रूपे होण्याचे कारण कधी कधी केवळ स्वराघात असे. बितुरिगेस या टोळीच्या नावात आघात दुसऱ्या अक्षरावर दिल्यास बूर्ज हे शहराचे नाव तयार होते. तो पुढच्या अक्षरावर सरकल्यास बेरी हे प्रांताचे नाव होते. शहर आणि त्याचा प्रांत यांच्या नावांत आज वरवर पाहता काहीही साम्य दिसत नाही.

‘-आकुम’ प्रत्यय

फ्रान्सच्या नकाशावर सर्वाधिक पसरलेला घटक म्हणजे ‘-आकुम’ हा गॉलिश मुळाचा, लॅटिन वळणाचा प्रत्यय. व्यक्तीच्या नावाला तो जोडला की ‘अमुकाची मिळकत’ असा अर्थ होई. रोमन काळातील शेतीवाड्यांना अशी नावे मोठ्या प्रमाणात पडली. कधी कधी हा प्रत्यय सामान्य नामांनाही लागे. दक्षिणेत त्यातील ‘क’ टिकला आणि नावे ‘-आक’ अशी राहिली. पॅरिसच्या परिसरात तो झिजून ‘-ई’ झाला, पश्चिमेकडे ‘-ए’, तर ल्योंच्या आसपास ‘-य’ असा उच्चार झाला. परिणामी ‘साबिनिआकुम’, म्हणजे साबिनियस नामक व्यक्तीची मिळकत, या एकाच नावापासून साव्हिन्याक, साव्हिन्यी, सेव्हिन्ये आणि साव्हिन्य अशी भिन्न नावे निर्माण झाली. पॅरिसचा ऑर्ली विमानतळ ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो ते ऑर्ली आणि मध्य फ्रान्सच्या डोंगराळ भागातील ओरियाक ही दोन्ही नावे मुळात ‘आउरेलिआकुम’ हीच आहेत. नावाचा शेवट पाहून ते कोणत्या प्रदेशातील आहे, याचा अंदाज जाणकार बांधू शकतो.

फ्रँक, नॉर्स व संतनामे

पाचव्या शतकापासून फ्रँक सत्ता रुजली तशी उत्तरेत ‘-व्हील’ आणि ‘-कूर’ ही उत्तरपदे वाढली. ही पदे लॅटिन, पण पूर्वपद बहुधा जर्मानिक व्यक्तिनाम, अशी त्यांची घडण आहे. फ्रँक भाषेचा प्रभाव शब्दक्रमातही दिसतो. नवा किल्ला असलेल्या गावाला उत्तरेत ‘नफ्शातो’ म्हणतात, म्हणजे विशेषण आधी. दक्षिणेत ‘शातोनफ’, म्हणजे विशेषण नंतर.

इसवी सन 911 मध्ये रोलो या नॉर्स सरदाराला सेन नदीच्या मुखाकडील प्रदेश मिळाला. ‘उत्तरेकडच्या लोकांचा’ तो नॉर्मंडी. तेथे ‘बेक’ (ओढा), ‘तो’ (घराची जागा), ‘दाल’ (दरी) ही नॉर्स पदे विपुल आहेत. कोदबेक म्हणजे थंड ओढा.

मध्ययुगात चर्चभोवती वाढलेल्या गावांनी संतांची नावे घेतली. ‘सें’ने सुरू होणारी गावे आज देशभर आहेत. पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीचे नाव रोमन देवतेवरून पडले होते असे जुन्या लेखांवरून दिसते. पुढे संत देनी यांच्या हौतात्म्याच्या कथेमुळे ते ‘हुतात्म्यांची टेकडी’ असे समजले जाऊ लागले.

प्रादेशिक भाषा

ब्रिटनमधून आलेल्या ब्रेतों लोकांनी ब्रिटनी द्वीपकल्पात ‘प्लू’ (धर्मग्राम), ‘लान’ (मठ किंवा चर्चची पवित्र जागा), ‘लोक’ (पवित्र स्थान) ही पदे आणली. प्लोएर्मेल म्हणजे संत आर्मेल यांचे धर्मग्राम. अल्सासमध्ये म्युलूझ म्हणजे गिरणीघर, तर बेल्जियमच्या सीमेवर डंकर्क म्हणजे वाळूच्या टेकड्यांवरील चर्च. ते फ्लेमिश नाव आहे. शासकीय नकाशांनी या नावांना फ्रेंच लेखनाचा साज चढवला. मूळ रूप पाटीवर असावे की नाही, हा वाद अजून ताजा आहे. माँपेलियेजवळील व्हिलनव्ह-ले-मागलोन या गावाने वेशीवर ऑक्सितान भाषेतील ‘व्हिलानोव्हा दे मागालोना’ अशी पाटी लावली होती. 2010 मध्ये न्यायालयाने ती काढण्याचा आदेश दिला. 2012 मध्ये मार्सेलच्या अपील न्यायालयाने तो फिरवला. प्रादेशिक भाषांविषयीच्या 2021 च्या कायद्याने अशा पाट्यांना स्पष्ट मान्यता दिली.

क्रांतिकालीन व आधुनिक नामांतरे

फ्रेंच राज्यक्रांतीने 1790 मध्ये जुने प्रांत मोडून 83 देपार्तमां निर्माण केले आणि त्यांना मुख्यतः नद्या व पर्वतांची नावे दिली, जेणेकरून सरंजामी स्मृती पुसल्या जाव्यात. पुढील काही वर्षांत संत, राजे व किल्ले सूचित करणारी नावेही बदलली गेली. बंड करणाऱ्या ल्योंला 1793 मध्ये ‘मुक्त झालेले कम्यून’ म्हटले गेले. मार्सेलला शिक्षा म्हणून 1794 च्या प्रारंभी काही काळ ‘नाव नसलेले नगर’ हेच नाव होते. ग्रेनोबलचे प्रकरण सर्वांत उद्बोधक आहे. या नावाच्या शेवटी ‘उमराव’ या अर्थाचा शब्द ऐकू येतो, म्हणून ते ‘ग्रेलिब्र’ करण्यात आले. ‘लिब्र’ म्हणजे स्वतंत्र. वस्तुतः ते सम्राट ग्रातियानचे ‘ग्रातिआनोपोलिस’, म्हणजे ग्रातियानचे नगर, याचे झिजलेले रूप होते. क्रांतिकारकांनी नसलेला उमराव हाकलला आणि खरा सम्राट नावात तसाच राहिला. यातील बहुतेक जुनी नावे लवकरच परत आली.

विसाव्या शतकातील बदलांची कारणे अधिक व्यवहारी आहेत. नदीच्या खालच्या अंगाचा, या अर्थाचे ‘अँफेरियर’ हे पद ‘कनिष्ठ’ असेही वाचले जाते. म्हणून ल्वार-अँफेरियरचे 1957 मध्ये ल्वार-आतलांतिक, तर सेन-अँफेरियरचे 1955 मध्ये सेन-मारितीम झाले. इलिये या गावाने 1971 मध्ये मार्सेल प्रूस्त यांच्या कादंबरीतील कल्पित गावाचे नाव जोडून घेतले आणि ते इलिये-कोंब्रे झाले.

रहिवाशांना उद्देशून वापरल्या जाणाऱ्या शब्दांत मात्र जुनी रूपे अजून बोलली जातात. सें-एतिएनचे लोक स्तेफान्वा, सें-देनीचे दिओनिझियें आणि सें-क्लूचे क्लोदोआल्दियें म्हणवतात.