सोबत्यासाठी घरचा खाऊ

मुले परगावी स्थिरावली की अंगणातला कुत्रा हाच अनेक आजी-आजोबांचा दिवसभराचा सोबती होतो. शेवभाजीच्या रश्शात कुस्करलेली भाकरी आपण त्याला मायेने घालतो. वाचकहो, ही माया त्याला बाधू शकते. रश्श्यातील कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. आपल्यासाठी भिजवलेले मनुके त्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. काही शुगरफ्री च्युइंगममध्ये असलेल्या झायलिटॉलने त्याची रक्तशर्करा धोकादायकरीत्या घटते. असे काही पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकांना गाठावे.

आपला मुक्ताईनगर परिसर केळीचा. एका पिकल्या केळ्यात मावेल तेवढे ज्वारीचे पीठ आणि चमचाभर बिनमिठाचे शेंगदाण्याचे कूट घालून घट्ट मळावे. साखर, गूळ, मीठ, तूप वर्ज्य. लहान चपट्या टिकल्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजाव्यात. पूर्ण थंड झाल्यावरच द्याव्यात.

हा खाऊ आहे, जेवण नव्हे. दिवसाच्या आहाराच्या दशांशाहून अधिक नसावा. पीठ मळताना आपल्या आखडलेल्या बोटांनाही व्यायाम घडतो. खाऊ भरवल्यावर हात साबणाने धुवावेत आणि सोबत्याची रेबीजची लस वेळच्या वेळी द्यावी.