देवाची राई

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला वाघजाईची राई आहे. लहानपणी आम्ही वहाणा बाहेर काढून आत जात असू. आमची आजी म्हणे, "रायीतली काटकीसुद्धा चुलीत घालायची न्हाई. देवी कोपंल." कोकणात अशा राईला देवरहाटी म्हणतात.

काटकी तिथेच का पडू द्यायची? पाहा. पाला नि काटक्या कुजून त्यांचा जाड थर होतो. पावसाचे पाणी उतारावरून धावत सुटत नाही, त्या थरात मुरते आणि खाली झऱ्याला निघते. म्हणून पुष्कळ रायांपाशी झरा नाहीतर कुंड असते.

जुने पोकळ झाडही वाया नसते, बरे का! धनेश पक्ष्याची मादी अशाच ढोलीत अंडी घालते आणि आतून तोंड लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. नर फळे आणून तिला भरवतो. त्या फळांच्या बिया रानभर पडतात. झाड तोडले तर धनेशाने घर कुठे करावे?

दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे गावच्या राईत रानजायफळाची झाडे आहेत. ती पाणथळात उभी असतात. त्यांची मुळे हवा घ्यायला गुडघ्यासारखी चिखलाबाहेर येतात. २०२१ साली सरकारने ती जागा जैवविविधता वारसा म्हणून जाहीर केली. जैवविविधता म्हणजे नाना जातींची झाडे, पाखरे, किडामुंगी एकत्र नांदणे. पण गावाने राखलीच नसती, तर सरकारने काय जाहीर केले असते?

आमच्या गावात मात्र उलटे झाले. देऊळ नवे बांधायचे ठरले. सभामंडपासाठी अकरा मोठी झाडे गेली. देवीने उजवा कौल दिला, असे सांगण्यात आले. त्या बैठकीत आम्हीही होतो. गप्प बसलो. आता फरशी गुळगुळीत आहे, आणि भोवतालचा पाला रोज झाडून जाळतात. वैशाखात वाहणारा झरा होळीलाच आटतो. बोअरही वाढले, हे खरे. पण हंडे घेऊन लांब जाणाऱ्या बायका आम्हाला रोज दिसतात.

ग्रामपंचायतीत जैवविविधतेची नोंदवही ठेवायची असते. तिच्यासाठी आम्ही वर्गातल्या मंडळींना घेऊन राईत जातो. म्हाताऱ्यांनी नावे सांगायची, नवशिक्यांनी लिहायची. सत्तेचाळीस नावे झाली. एका वेलाचे नाव कोणालाच येईना. शेवटी पलीकडच्या वाडीतल्या धनगरआजीला पाठीवर बसवून आणले, तेव्हा ते वहीत उतरले.